घुमटाखाली सोमवार

सोमवारी दुपारी चार वाजता सप्तबेट दालनात तीनच माणसं होती आणि तिघांपैकी एकही हौसेनं आलेलं नव्हतं.

डॉक्टर फरीदा मुकादम पंचवीस फूट उंच शिडीगाडीवर उभं राहून घुमटाच्या आतल्या अंगावर प्रकाशमापक फिरवत होत्या. त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पण गेल्या सहा महिन्यांत त्यांनी सूक्ष्मजीवांपेक्षा शिड्याच जास्त पाहिल्या होत्या. खाली विद्याधर पाठारे, कोट जतन मंडळाचे सचिव, खांबाला टेकले होते. उभ्या उभ्या डुलकी काढायला नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. आणि शिडीगाडीचं चाक पायानं अडवून धरणाऱ्या तिसऱ्या बाई म्हणजे शालन रेडकर. सव्वीस वर्षं याच दालनात पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्या. मुंबईच्या जुन्या कोटातली सगळी प्रेक्षणीय स्थळं सोमवारी बंद असायची, तशी शालनताईंनाही सोमवारी सुट्टी होती. फक्त दालनाच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या आणि मोजणी रिकाम्या दालनातच करता यायची. त्यामुळे ती सुट्टी म्हणजे नावालाच.

"किती?" पाठाऱ्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"सहा मायक्रॉनचा फरक. मागच्या आठवड्यात पाचाचा होता."

"कमी?"

"कमीच हो. वाढले असते तर मी वरून गाणं म्हटलं असतं."

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सहा मायक्रॉन ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण घुमटावरचा लेप आता सगळा मिळून दोनशेच मायक्रॉन जाडीचा उरला होता, आणि त्या लेपावरच सगळं टिकून होतं.

घुमटाच्या आत मुंबईची सात बेटं रंगवलेली होती, भराव घालून एक होण्याआधीची. मध्ये खरोखर ओला वाटणारा समुद्र, गलबतं, होड्या, खारवलेले मासे वाळवणाऱ्या बायका, आणि माहीमच्या बाजूला एका होडीत चष्मा लावून बसलेला एक माणूस. तो चित्रकारानं स्वतःला रंगवलाय, आणि सगळ्या शिडांत वारा पश्चिमेचा असताना एकट्या त्याच्या शिडात तो पूर्वेचा आहे. पाहुण्यांना हे दाखवलं की ते हसायचे. शालनताईंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते आता आठवत नव्हतं, पण रोज अकरा वेळा त्या जागी त्या थांबायच्या.

कोटफेरीत एकूण नऊ ठिकाणं होती. घड्याळाचा मनोरा, निळं सिनेगॉग, वाचनालयाच्या पायऱ्या, कलादालन, कारंजं वगैरे करत लोक आठव्या नंबरवर इथे पोचायचे. तोवर त्यांचे पाय गेलेले असायचे. ते मान वर करून घुमट बघायचे, मग मान दुखायची म्हणून खाली करायचे आणि बसायला कुठे आहे ते विचारायचे. शालनताईंना त्यांचा राग येत नसे. त्यांनाही तेच विचारायचं असायचं.

डॉक्टर मुकादम शिडीवरून उतरल्या. पाठाऱ्यांना एक निवेदन लिहायचं होतं, महिनाअखेरीस दालन कायमचं बंद करण्याचं. त्यांची इच्छा होती की जीवलेपाबद्दलचा परिच्छेद डॉक्टरांनी सांगावा, तोही त्यांच्या नववीतल्या मुलीला कळेल अशा भाषेत.

"नववीतल्या मुलीला सगळं कळतं, तुम्हाला कळेल असं सांगते," डॉक्टर म्हणाल्या आणि खालच्याच पायरीवर बसल्या. "जुना चुना ठिसूळ झाला की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून तीस वर्षांपूर्वी या घुमटावर जिवाणूंचा एक पारदर्शक थर चढवला. हा जीवलेप. माणूस श्वास सोडतो त्यात कार्बन वायू असतो, वाफ असते. अंगावरून कातडीचे बारीक कण उडतात. एवढ्यावर हे जिवाणू जगतात आणि बदल्यात ताजा चुना तयार करतात. भेग दिसली की भरतात. म्हणजे बघायला आलेली माणसंच चित्राची डागडुजी करतात, त्यांना पत्ताही नसतो."

"मग झिजतोय कशानं?"

"चार वर्षांपूर्वीपर्यंत झिजत नव्हता. मंडळाचं म्हणणं, गर्दी फार झाली. जास्त खाल्लं की बाधतं तसं."

म्हणून मंडळानं आधी गट लहान केले. मग फेऱ्या वीसवरून अकरावर आणल्या. झीज मात्र दोनवरून सहावर गेली. डॉक्टरांना हे पटत नव्हतं, पण दुसरं कारणही सापडत नव्हतं, आणि न सापडलेलं कारण निवेदनात लिहिता येत नाही. यंत्रानं वाफ आणि वायू सोडून बघितलं होतं एका दुसऱ्या वास्तूत. तिथे लेप तीन आठवड्यांत बुरशीनं काळा पडला. मंडळाला आता एकच मार्ग दिसत होता: जुना लेप खरवडून काढायचा, घुमटावर राळेचा जाड थर द्यायचा आणि दार लावून घ्यायचं. राळेखालून चित्र कोणाला दिसलं नसतं, पण ते टिकलं असतं. लोकांसाठी छायादालन होतंच. घरबसल्या डोळ्यांवर पट्टी चढवली की घुमट समोर, मान वर करायचीही गरज नाही.

पाठारे शालनताईंकडे वळले. त्यांना कुठेही बदली मिळणार नव्हती. दालन बंद म्हणजे त्यांची सेवा पूर्ण धरली जाणार होती, चार वर्षं आधीच. "रेडकरबाई, वाईट वाटतंय मला," ते म्हणाले.

शालनताईंनी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती वेंगुर्ल्याच्या बहिणीकडची मागच्या दारची खाट. तिच्यावर पडायचं आणि कुणालाही काहीही दाखवायचं नाही. दुसरी गोष्ट आली ती लाज. मग तीही थकून बसली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी दहाला, त्यांनी दालन उघडलं. पहिला गट सोलापूरच्या निवृत्त शिक्षकांचा होता. त्यांतल्या एका बाईंनी आल्या आल्या आपल्या काळ्या चपलांकडे बघून तोंड वाकडं केलं. इथे झाडत नाहीत का, असं त्यांनी शेजारणीला मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं.

चपला पांढऱ्या झाल्या होत्या. शालनताईंच्याही. त्या दर मंगळवारी होतात हे त्यांना माहीत होतं. बंद दिवसाची धूळ म्हणून त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. बाकीचे दिवस झाडणी यंत्रं संध्याकाळी, लोक गेल्यावर फिरायची. सोमवारी मात्र ती सकाळीच झाडून जायची. म्हणजे मंगळवारी फरशीवर जे दिसतं ते सोमवार सकाळनंतरचं. पण सोमवारी तर खिडक्याही उघडत नाहीत. आणि कोटातली धूळ काळपट असते, पांढरी नसते.

त्यांनी बोटानं चिमूटभर उचलली. आयुष्यभर पानाला चुना लावणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेल्या बाईला चुना ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. त्यांनी ती पूड तिकिटाच्या कागदात बांधली, पर्समध्ये ठेवली आणि शिक्षकांना चष्म्याच्या माणसापाशी नेलं. शिक्षक हसले.

आता कोणाला वाटेल की त्या लगेच डॉक्टरांकडे धावल्या असतील. त्या नाही धावल्या. त्यांनी पुडी सहा दिवस पर्समध्ये तशीच ठेवली. बुधवारी फरशी स्वच्छ, गुरुवारी स्वच्छ, रविवारीही. रोज सकाळी दार उघडताना त्या आधी खाली बघायच्या आणि रोज मनात म्हणायच्या की तुझं काय जातंय शालन, तीन आठवड्यांत तू खाटेवर असशील. बहिणीचा फोन आला. तिनं खाटेला नवीन सुंभ भरून घेतल्याचं सांगितलं. शालनताई म्हणाल्या, छान केलंस. त्या रविवारी त्यांनी शेवटच्या गटाला काही न सांगताच घुमट बघू दिला आणि स्वतः कडेला उभ्या राहून तो बघितला. कितीतरी दिवसांनी. माहीमच्या होडीत चष्मेवाला माणूस उलट्या वाऱ्यावर निघाला होता आणि त्याच्या गालावरचा रंग नखाएवढा उडाला होता. पुढच्या महिन्यात त्याच्यावर राळ फासली जाणार होती.

सोमवारी डॉक्टर शिडी चढायच्या आत त्यांनी पुडी उघडून दिली.

डॉक्टरांनी थर्मासमधला चहा आणला होता आणि चहात पिळायला लिंबाची फोड. त्यांनी पुडीवर लिंबाचे दोन थेंब टाकले. पूड फसफसली.

"चुना. आणि इतका बारीक, म्हणजे हा तर लेपाचाच. ताई, कुठून आणलात हा?"

शालनताईंनी सांगितलं. डॉक्टरांनी जीवलेपाच्या मूळ नोंदी काढल्या. त्यात एक ओळ होती, ती त्यांनी शंभर वेळा वाचली असेल: जिवाणूंजवळ वीस तासांचा शिधा असतो.

"रात्रीचा उपास किती?" त्यांनी पाठाऱ्यांना विचारलं.

पाठाऱ्यांनी बोटांवर मोजलं. संध्याकाळी सहाला शेवटचा माणूस बाहेर, सकाळी दहाला पहिला आत. सोळा तास.

"म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. वीसच्या आत आहे ना. आता रविवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ मोजा."

पाठाऱ्यांनी पुन्हा मोजलं आणि बोटं कमी पडली. चाळीस तास.

"वीस तास संपले की त्यांना खायला काहीच नसतं, मग ते आम्ल सोडतात आणि स्वतःच बांधलेला चुना विरघळवतात. रविवार सहापासून वीस तास म्हणजे सोमवारी दुपारी दोन. तिथून मंगळवार सकाळपर्यंत घुमट स्वतःला खातोय. सहा दिवस माणसं बांधतात आणि सुट्टी पाडते. सुट्टी कुणी दिवसांत धरलीच नाही हो, मीसुद्धा नाही. आमच्या प्रयोगशाळेत जिवाणूंना रोज कोणीतरी खाऊ घालतं, तिथे सोमवार नसतो."

पाठाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. सोमवारची सुट्टी तर शंभर वर्षांची आहे आणि झीज चारच वर्षांची. याचं उत्तर शालनताईंकडे होतं. चार वर्षांपूर्वीपर्यंत सोमवार म्हणजे धुण्यापुसण्याचा दिवस होता. चाळीस बायका-माणसं दिवसभर इथे राबायची, डबे इथेच खायची, भांडायची, गायची. मग झाडणी यंत्रं आली. यंत्रं श्वास सोडत नाहीत.

"आणि आपण मोजायला येतो तेही सोमवारी चारला," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशी माणसाचं वजन करून म्हणायचं, जेवण बाधलं."

पाठाऱ्यांना आपण सोमवार धरणाऱ्या घुमटाचे सचिव आहोत हे कळून थोडं हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. मंडळ नुसत्या पुडीवर निवेदन मागे घेणार नव्हतं. पुरावा हवा होता. म्हणजे येत्या सोमवारी दुपारपासून शंभरेक माणसं दालनात हवी होती. आणि कोटात सोमवारी माणूस आणायचा कुठून? लोकांना इतकी सवय की सोमवारी तिकडे कोणी फिरकतही नाही.

शेवटी शालनताईंनीच फोन केले. बाकीच्या आठ ठिकाणांच्या मार्गदर्शकांना, पहारेकऱ्यांना, तिकीट खिडकीवरच्यांना. सगळ्यांना सोमवार मोकळा होता आणि सगळ्यांनी आधी शिव्या घातल्या. मनोऱ्याच्या पाटणकरांनी विचारलं की सुट्टीच्या दिवशी तुझ्या घुमटाखाली येऊन आम्ही नक्की काय करायचं. शालनताई म्हणाल्या, काही नाही, श्वास घ्यायचा. पाटणकर म्हणाले, तेवढं जमेल.

सोमवारी बाराला एकशे चार माणसं आली. कोणी चटया आणल्या, कोणी पत्ते. अर्ध्या तासात पत्त्यांवरची माणसं आडवी झाली. आठवड्यातले सहा दिवस उभं राहून बोलणारी, उभं राहून पहारा देणारी माणसं ती; गार फरशी, दुपारची वेळ आणि कुणी काही विचारणार नाही याची खात्री, एवढं मिळाल्यावर ती झोपणारच. पाटणकर घोरायला लागले आणि घुमटानं ते घोरणं गोल फिरवून परत आणलं. कुणी उठलं नाही. शालनताई खांबाला टेकून बसल्या होत्या. "फक्त पाचच मिनिटं," असं त्या म्हणाल्याचं डॉक्टरांना आठवतं.

सगळे संध्याकाळी सहाला उठले. मंगळवारी फरशी स्वच्छ होती. प्रकाशमापक लावला तेव्हा लेप अकरा मायक्रॉननं वाढलेला निघाला. डॉक्टरांनी खरंच गाणं म्हटलं, तेही बेसूर.

निवेदन मागे घेतलं गेलं. राळेची पिंपं परत गेली. कोटात सोमवारची सुट्टी रद्द झाली आणि सप्तबेट दालन सोमवारी झोपण्यासाठी उघडं राहील अशी पाटी लागली. शालनताईंनी बहिणीला कळवलं की खाटेवर सध्या तूच झोप.

पहिल्या सोमवारी दीडशे लोक आले. जवळच्या इस्पितळातल्या परिचारिका, कोर्टातले कारकून, घरोघर खाणं पोचवणारे स्वार. तिसऱ्या सोमवारी रांग कारंज्यापर्यंत गेली. अख्खं शहर झोपेला आसुसलेलं होतं आणि कुणाला माहीतच नव्हतं. गंमत म्हणजे त्यांतल्या कितीतरी जणांनी कोटाचा हा भाग आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता; म्हणजे तिथवर आले होते, बघितला होता असं म्हणता येणार नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टर मुकादमांनी मंडळासमोर आकडे ठेवले. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांनी सगळेच आकडे ठेवले. फेरीचा पाहुणा घुमटाखाली वीस मिनिटं थांबतो. दिवसाला सहाशे पाहुणे धरले तरी दोनशे तासांचा श्वास. झोपलेला माणूस मंद श्वास घेतो, दोन तृतीयांशच, पण तो सहा तास हलत नाही. दीडशे झोपलेले म्हणजे सहाशे तासांचा श्वास. फेरीच्या तिप्पट. जीवलेपाला चित्र बघणारा माणूस लागत नाही, नुसता माणूस लागतो. सोमवारी लेप अकरानं वाढतो, बाकीच्या दिवशी जेमतेम एकानं. जुन्या भेगा भरायच्या असतील तर रोज सोमवार हवा.

"म्हणजे फेऱ्या बंद?" शालनताईंनी विचारलं.

पाठाऱ्यांनी अवघडून सांगितलं की फेऱ्यांच्या बोलण्यानं लोकांची झोपमोड होते. आणि बाई, तुम्हालाही विश्रांती हवीच होती ना. तुमची जागा राहील, तुम्ही फक्त दार उघडायचं, बंद करायचं, मधला वेळ इतरांसारखं पडून राहायचं. तेही कामच आहे आता.

डॉक्टर शालनताईंकडे बघत नव्हत्या.

"आकडे बरोबर आहेत का?" शालनताईंनी त्यांना विचारलं.

"बरोबर आहेत, ताई."

"मग झालं."

पहिल्याच बुधवारी दालन साडेदहाला भरलं. शालनताईंनी दार लोटलं आणि भिंतीकडेच्या रिकाम्या चटईवर आडव्या झाल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी घुमट असा झोपून कधी बघितला नव्हता. मान दुखत नव्हती. समुद्र अगदी वर होता आणि तो ताजा दिसत होता. माहीमच्या माणसाच्या गालाजवळची भेग बुजली होती. लेपाचं काम चाललं होतं. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेजारी रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका पडली होती, गणवेशातच. तिचे डोळे अजून उघडे होते आणि वर लागलेले होते.

"ती होडी दिसते ना," शालनताई हळू आवाजात म्हणाल्या, बोट वर करून. "चष्मेवाल्याची. बाकी सगळ्या शिडांत वारा पश्चिमेचा आहे, त्याच्या एकट्याच्या मात्र..."

"ताई," परिचारिका म्हणाली, अगदी नम्रपणे, डोळे मिटत, "जरा झोपू द्या ना."

शालनताईंनी बोट खाली घेतलं. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि तो वर गेला.